चॉकलेटच्या गावातली बर्फाची तालीम

आधी वास आला. बर्फाचा नव्हे, कोकोचा. जानेवारीत आमच्या पन्हाळ्याच्या रस्त्याने जाताना वारा फिरला की गुऱ्हाळावरच्या उकळत्या रसाचा वास एकदम गाडीत शिरतो ना, तसाच. फक्त इथे बाहेर पाणी गोठत होतं, झाडांवर नावाला पान नव्हतं, आणि माझ्या अंगावर भाच्याने चढवलेले तीन थर होते. "मामा, कानटोपी," तो चौथ्यांदा म्हणाला.

गावाचं नाव हर्शी. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, हॅरिसबर्गपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. मुख्य रस्त्याचं नाव चॉकलेट अव्हेन्यू आणि त्याला कोको अव्हेन्यू येऊन मिळतो. मला वाटलं भाचा थट्टा करतोय, पण पाटी वाचली. मग मान वर केली तर दिव्याचे खांब! प्रत्येक खांबावर निमुळत्या शेंड्याचं, पोट सुटलेलं एक चॉकलेट. एक चंदेरी कागदात गुंडाळलेलं, पुढचं उघडं, तपकिरी, परत पुढचं गुंडाळलेलं. कोल्हापूर महापालिकेने उद्या विजेच्या खांबांवर गुळाच्या ढेपी बसवल्या तर कसं दिसेल? मी रस्त्यात उभा राहून हसत होतो आणि माझा दहा वर्षांचा नातू (भाच्याचा मुलगा, म्हणजे नातूच) मला हाताला धरून ओढत होता. "आजोबा, लेट होईल. बेअर्स आर नॉट हियर!" म्हणजे बाहुले गाडीतच राहिले होते. तो परत पळाला आणि काळी पिशवी घेऊन आला, कचऱ्याची असते तेवढी मोठी. आत मऊ अस्वलं, ससे, एक जिराफ.

आम्ही हॉकीची मॅच बघायला निघालो होतो. 5 जानेवारी 2025, रविवार.

या गावाची वस्ती 14 हजारांच्या आत. एवढ्या वस्तीला आमच्याकडे एक मारुतीचं देऊळ, एक तालीम आणि आठवड्याचा एक बाजार असतो. इथे हॉकीच्या सभागृहात बसायला साडेदहा हजार खुर्च्या आहेत. आणि त्या भरतात! आजूबाजूच्या पंचक्रोशीतून गाड्याच गाड्या, आणि गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पिशवी. आजी, नातवंडं, दाढीवाले ट्रकचालक, शाळकरी मुली, सगळे तपकिरी अंगरख्यात, सगळ्यांच्या बगलेत बाहुले. सोमवतीला जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडाऱ्याच्या पिशव्या घेऊन माणसं चढतात, तसे चढत होते. तेव्हा मला ही उपमा नुसती गमतीची वाटली होती.

आत शिरलो. आणि तो पांढरा रंग!

दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद, कडेला गोलावलेलं, काचेने वेढलेलं पांढरंशुभ्र अंगण. दिवाळीच्या आदल्या दिवशी चुन्याने रंगवलेल्या भिंतीसारखं, पण आतून उजळलेलं. खालून थंडीचा एक सरळ झोत येतो आणि गुडघ्यांना लागतो. मक्याच्या लाह्यांचा वास, रबराचा वास, ओल्या लोकरीचा वास. बर्फावरून एक गाडी अतिशय संथपणे फिरते आहे, मागे आरशासारखा ओला पट्टा सोडत. झांबोनी! फ्रँक झांबोनी नावाच्या कॅलिफोर्नियातल्या माणसाने 1949 मध्ये ती बनवली. बर्फाचा खरवडलेला थर उचलायचा, गरम पाणी पसरायचं आणि गोठू द्यायचं. तालमीत पहाटे उठून हौद्यातली लाल माती उकरून ताक-लिंबू-हळद घालून सारखी करणारी पोरं मला आठवली. कुठलीही जमीन असो, ती रोज हाताखालून गेली पाहिजे.

मग खेळ सुरू होतो, आणि पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसत नाही. खरंच! बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढी एक काळी रबरी चकती, तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजनाला सुमारे 170 ग्रॅम. उसळू नये म्हणून ती आधी गोठवून ठेवतात. ती इकडे आहे म्हणेपर्यंत तिकडच्या फळीवर धाड्‌कन आवाज होतो. आवाजाच्या मागून नजर जाते, तोवर चकती परत इकडे. स्केट्सच्या पात्यांचा खर्रर्र, काठ्यांचा टकटक, आणि दोन देह काचेवर आपटले की आमच्या पुढची भिंतच थरथरते. मी प्रत्येक वेळी मागे सरकतो. पुढच्या रांगेतलं चार वर्षांचं पोर काचेला नाक लावून लाह्या खात असतं.

हळूहळू डोळा बसला तशी एक गोष्ट कळली. कुणीही पाऊण मिनिटापेक्षा फार जास्त बर्फावर राहत नाही. जीव तोडून पळायचं, फळीवरून उडी मारून बाकावर यायचं, त्याच क्षणी दुसरा उडी मारून बर्फावर. खेळ थांबत नाही, शिटी नाही, काही नाही. खो-खो! अगदी खो-खो. फक्त इथे खो पाठीवर थाप मारून नाही, फळी ओलांडून मिळतो.

मधेच मारामारी झाली. हातमोजे बर्फावर पडले, दोघांनी एकमेकांची गचांडी धरली, आणि पंच चक्क बाजूला उभे राहून बघत राहिले! दोघं दमले तेव्हा सोडवलं आणि पाच-पाच मिनिटं काचेच्या खोक्यात नेऊन बसवलं. आमच्या शाळेत गुरुजी अंगठे धरून उभं करायचे, तसे हे सहा फुटी गडी तोंडं पाडून बसले होते.

आणि मग गोल.

कसा झाला ते विचारू नका. मी नातवाकडे बघत होतो. भोंगा वाजला, साडेदहा हजार माणसं उठली आणि आभाळ फाटलं. अस्वलं! वरच्या मजल्यावरून, खालून, माझ्या कानाजवळून, डोक्यावरून. तपकिरी, गुलाबी, निळी, जांभळी. माणसाएवढी अस्वलं दोघं-दोघं मिळून फेकतायत. काचेवर आपटून काही आत घरंगळतायत, काही आमच्याच डोक्यावर येतायत. माझ्या कानटोपीवर एक ससा बसला, मी तो पुढे फेकला, पुढच्याने त्याच्या पुढे फेकला. नातू ओरडतोय, भाचा ओरडतोय, मी "येळकोट येळकोट" ओरडतोय! आपोआप निघालं तोंडातून. जेजुरीचा गड भंडाऱ्याने पिवळा होतो तसं ते पांढरं अंगण दोन मिनिटांत दिसेनासं झालं. बर्फच राहिला नाही. गुडघाभर मऊ, रंगीत ढीग, आणि त्यात ते खेळाडू, ज्यांनी क्षणापूर्वी एकमेकांना काचेवर चेपलं होतं, उताणे लोळत होते, अस्वलं उडवत होते, हसत होते.

तेव्हा त्यांची तोंडं पहिल्यांदा नीट दिसली. पोरं होती हो! मिसरूड फुटलेली, गालावर मुरुमं असलेली.

त्या दिवशीचा आकडा मोजून झाल्यावर सांगितला गेला: 1,02,343 बाहुले. जगातला विक्रम. वर्षभरापूर्वीचा 74,599 चा विक्रमही याच गावाचा. गावातल्या पोराबाळांसाठी काम करणाऱ्या संस्थांना हे सगळं वाटलं जातं. बाहुले फेकायची ही चाल कॅनडातल्या कॅम्लूप्स गावात 1993 मध्ये पडली, हर्शीने ती 2001 मध्ये उचलली आणि मोठी केली. बाहुले गोळा करेपर्यंत खेळ थांबून राहिला. कुणालाही घाई नव्हती. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत जशी घड्याळं कुणी बघत नाही.

आता खरी थक्क करणारी गोष्ट सांगतो. एवढा जल्लोष ज्यांच्यासाठी, ते इथले मोठे खेळाडू नव्हेतच. हे उमेदवार आहेत. ही धाकटी लीग. अमेरिकन हॉकी लीग, 1936 पासून चाललेली. तिच्यात 32 संघ, आणि प्रत्येक संघ वरच्या, म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या एकेका संघाशी बांधलेला. हर्शी बेअर्स हा वॉशिंग्टन कॅपिटल्सचा. वरच्या संघाने अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी निवडून ठेवलेली पोरं इथे पिकायला ठेवतात, आढीत आंबे ठेवतात तशी. वर खेळणाऱ्या दर दहांतले जवळजवळ नऊजण कधी ना कधी या धाकट्या लीगमधून गेलेले असतात. आपल्या रणजीच्या सामन्याला मी गेलोय. मैदानावर खेळाडू जास्त की पाहणारे जास्त, ते मोजावं लागतं. इथे रणजीला दिवाळी असते!

संघाचा जन्म चॉकलेटच्या पैशातूनच झाला. कारखानदार मिल्टन हर्शी यांनी मंदीच्या काळात गावातल्या हातांना काम मिळावं म्हणून बांधकामं काढली, त्यातच 1936 मध्ये हॉकीचं जुनं सभागृह उभं राहिलं. संघाचं नाव आधी चॉकलेटच्या वडीवरूनच 'बार्स' होतं. ती फारच उघड जाहिरात झाली अशी कुरकुर झाली, तेव्हा एक अक्षर वाढवून 'बेअर्स' केलं. गंमत आहे की नाही? 1938 पासून हा संघ या लीगमध्ये अखंड खेळतोय आणि लीगचा काल्डर करंडक त्याने 13 वेळा नेलाय, 2023 आणि 2024 लागोपाठ.

जुनं सभागृह अजून उभं आहे. नातवाने मला तिथे स्केटिंगला नेलं. म्हणजे तो स्केटिंग करत होता आणि मी कठड्याला घोरपडीसारखा चिकटून होतो. पण छत! मधे एकही खांब नाही, काँक्रीटची एकच अर्धगोल कमान या टोकापासून त्या टोकापर्यंत. बार्शीच्या धान्याच्या गोदामात उभं राहिल्यासारखं वाटतं, पण शंभर पट मोठ्या. याच छताखाली 2 मार्च 1962 रोजी विल्ट चेंबरलेनने बास्केटबॉलच्या एका सामन्यात एकट्याने 100 गुण केले, आणि त्या सामन्याचं चित्रीकरण कुणाकडेच नाही. बघायला 4,124 माणसं होती, बस्स. मला हे फार आवडलं. आमच्या खासबागेत गाजलेल्या जुन्या कुस्त्याही अशाच, पाहिलेल्यांच्या तोंडून ऐकायच्या.

आता तालमीकडे येतो, कारण माझा जीव तिथेच अडकला.

बुधवारी भाच्याच्या ओळखीने सराव बघायला मिळाला. रिकाम्या खुर्च्या, अर्धे दिवे, आणि थंडी रविवारपेक्षा दुप्पट, कारण माणसांची ऊब नाही. मला वाटलं गोल मारायचा सराव असेल. छे! एका कोपऱ्यात एक पोरगा फळीला पाठ लावून उभा. त्याच्याकडे चकती फळीवरून घासत येते. ती पायाने अडवायची, मागून येणारा धक्का अंगावर घ्यायचा आणि चकती बाहेर, निळ्या रेषेपलीकडे काढून द्यायची. एवढंच. परत. परत. मी मोजत होतो, चाळीसच्या पुढे सोडून दिलं. शेजारी पस्तिशीकडे झुकलेला एक गडी उभा, दाढीत बर्फाचे कण. तो पोराच्या काठीवर आपली काठी टेकवून पातं दोन बोटं वळवतो, काही बोलत नाही. पोरगा परत करतो. आता चकती सरळ जाते.

वस्ताद! मी जवळजवळ मोठ्याने म्हणालो.

हा योगायोग नव्हे, लीगच्या नियमातच ते आहे. गोलरक्षक सोडून प्रत्येक सामन्यात 18 जण उतरवता येतात. त्यातले 13 'घडणारे' असायलाच हवेत. 12 जणांचे व्यावसायिक सामने मोसमाच्या सुरुवातीला 260 पेक्षा जास्त झालेले नसावेत, तेराव्याचे 320 पेक्षा जास्त नसावेत. उरल्या पाच जागा जाणत्यांच्या. म्हणजे कितीही करंडक जिंकायचा असो, अनुभवी गडी भरून संघ उतरवता येत नाही. पाच वस्ताद, तेरा पठ्ठे. आपल्या तालमींनी हे कधी कागदावर लिहिलं नाही, पण प्रमाण साधारण हेच असायचं.

आणि पठ्ठे येतात तेव्हा ते आपापल्या गावचे राजे असतात. कॅनडातल्या कुमार लीगमध्ये धो-धो गोल मारून आलेले. जत्रेत सगळ्यांना आस्मान दाखवून आलेला गडी तालमीत आला की वस्ताद त्याला सहा महिने जोर-बैठकांना लावतो, तसं इथे. तुला गोल मारता येतात हे माहीत आहे. आता फळीजवळून चकती काढ, आता परत धावत येऊन स्वतःचं दार राख, आता पाऊण मिनिटात बाहेर ये. काहींना हे शिकायला एक हिवाळा लागतो, काहींना चार.

जॉन कार्लसनची गोष्ट इथे पोराटोरांना पाठ आहे. जानेवारी 2010 मध्ये वीस वर्षांचा झाला, त्याच महिन्यात कुमार विश्वचषकात अमेरिकेला सुवर्ण मिळवून देणारा गोल मारला, जूनमध्ये हर्शीसाठी काल्डर करंडक जिंकला, आणि 2018 मध्ये वॉशिंग्टनने वरच्या लीगचा स्टॅन्ली करंडक नेला तेव्हा तो त्या संघाचा कणा होता. त्या संघाचा गोलरक्षक ब्रेडन होल्टबी, तोही हर्शीतलाच. पण माझा आवडता जे बीगल. त्याला कुठल्याच वरच्या संघाने निवडलं नव्हतं. तो आणखी एक पायरी खालून आला. हो, या लीगच्याही खाली एक लीग आहे, ईसीएचएल! तिथला करंडक जिंकला, मग हर्शीत दोन जिंकले, मग वॉशिंग्टनमध्ये तो सर्वांत मोठा. तिन्ही पायऱ्यांवर पाय आपटून वर गेलेला माणूस. प्रशिक्षकसुद्धा असेच वर जातात. ब्रूस बुद्रो यांनी 2006 मध्ये हर्शीला करंडक मिळवून दिला आणि 2007 च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनने त्यांनाच बोलावून घेतलं.

बोलावणं. हा शब्द इथे हवेतच असतो, कोकोसारखा. वर कुणाचा गुडघा दुखावला की इथे फोन वाजतो. वॉशिंग्टन इथून सुमारे 200 किलोमीटर, कोल्हापूर-पुण्याहून थोडं कमी. पण पगारात केवढी दरी! 2024-25 च्या मोसमात वरच्या लीगचा कमीत कमी पगार वर्षाला 7,75,000 डॉलर, म्हणजे साडेसहा कोटींच्या घरात, आणि वर असेल तेवढ्या दिवसांचा हिशोब होतो. तीन दिवस वर खेळून चौथ्या दिवशी परत इथल्या बसमध्ये बसायचं. शुक्रवार-शनिवार-रविवार लागोपाठ तीन सामने, मधल्या रात्री बसमध्ये झोप. ती बस मी पाहिली. आपल्या लालपरीपेक्षा कितीतरी गुबगुबीत, पण मागच्या सीटवर पाय वर करून झोपलेलं पोर कुठल्याही आगारात शोभलं असतं.

त्या बुधवारी एकाची जागा रिकामी होती. आदल्या रात्री फोन आला म्हणे. कुणी पेढे वाटले नाहीत, कुणी हळहळलंही नाही. वस्तादाने पुढच्याला खुणावलं, तो फळीपाशी गेला.

रविवारी माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजीबाई होत्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. तपकिरी अंगरख्यावर बिल्लेच बिल्ले, प्रत्येकावर एका पोराचा फोटो. नातवाने दुभाषाचं काम केलं. या सामन्यांना त्या जुन्या सभागृहापासून येतायत. बिल्ल्यावरची बहुतेक पोरं केव्हाच गेली, वर किंवा दुसरीकडे. त्या टीव्हीवर वॉशिंग्टनचे सामने बघतात, पण संघ जिंकला का हरला याच्याशी त्यांना घेणं नाही; 'आपला' नीट खेळला का तेवढं बघतात. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे लेकींचं असं असतं. वाढवायच्या सासरसाठी, आणि मग सणाला वाट बघायची. नातवाला 'सासर' सांगताना फार अडचण आली. आजीबाईंना मात्र काय समजलं कोण जाणे, त्यांनी पर्समधून एक चॉकलेट काढून माझ्या हातात ठेवलं.

हे सगळं परक्या देशाचं असं मानून मी परत येणार होतो, पण नातवाने विमानतळावर फोनमध्ये एक चेहरा दाखवला. अर्शदीप बैन्स! कॅनडातल्या सरे गावचा, पंजाबी घरचा. त्यालाही वरच्या कुणी सुरुवातीला निवडलं नव्हतं. कुमार लीगमध्ये सर्वाधिक गुण केल्यावर व्हँकुव्हरने करार केला आणि त्यांच्या धाकट्या संघात, ॲबट्सफर्डला पाठवला. मी कोल्हापुरात परतलो, उन्हाळा सरला, आणि जूनमध्ये भाच्याचा फोन: ॲबट्सफर्डने काल्डर करंडक जिंकला. बैन्सने तो डोक्यावर उचललेला फोटो मी आमच्या तालमीत दाखवला. वस्तादांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "मांड्या चांगल्या कमावल्यात," एवढंच म्हणाले.

तुम्ही कधी गेलात तर जानेवारीत जा, अस्वलांच्या रविवारी. एक बाहुला सोबत न्या, आणि पुढच्या रांगेत बसणार असाल तर कानटोपी जाड घाला. वरच्या मजल्यावरच्यांचा नेम चांगला नसतो.